मागच्या खोलीपर्यंत चित्र पोचवण्याची हकिगत

सर्वांनी कृपया शांत व्हावं. ज्यांच्या हातात चहाचा कप असेल त्यांनी तो खाली ठेवावा, आणि ज्यांचं काळीज नाजूक असेल त्यांनी शेजारी कुणाला तरी बसवून घ्यावं, कारण आता मी जे सांगणार आहे ते आमच्या घराण्यात आजवर कुणी लेखी कबूल केलेलं नाही. मी वयात आलो तो दिवस मला नक्की आठवतो. त्या दिवशी मी एकोणतीस वर्षांचा होतो, बनियनवर होतो, आणि धुळ्याच्या एका गणिताच्या बाईंकडून फुटबॉलमध्ये हरत होतो.

त्याआधीची एकोणतीस वर्षं मी काय केलं, असं कुणी विचारलं तर प्रामाणिक उत्तर एकच आहे. सबबी सांगितल्या. बारावीला गणितात कमी पडले कारण परीक्षेच्या हॉलमध्ये डोक्यावरचा पंखा करकरत होता. पुण्यातली नोकरी हुकली कारण मुलाखत घेणाऱ्याला सर्दी झाली होती आणि त्याचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. एरंडोलच्या स्थळाने नकार कळवला तेव्हा मी घरी सांगितलं की पत्रिकाच जुळत नव्हती, उगाच त्यांना दोष नको. आईचा यावर विश्वास बसायचा. आबा, म्हणजे माझे वडील, पेपर उलटायचे. पण आबांची थोरली बहीण अक्का, जिने आबांना कडेवर वाढवलं आणि पुढे त्याच हक्काने आमच्या घरात राहून आम्हा सगळ्यांवर राज्य केलं, ती कधी फसली नाही. "याना तोंडम्हा सबब कायम गरम ऱ्हास," ती आईला म्हणायची, "तव्यावरनी भाकर गार व्हई जाई, पन सबब नई."

आमचं घर पिंप्राळ्यात, तीन खोल्यांचं, आगगाडीच्या डब्यांसारखं एकामागे एक. पुढच्या खोलीत टीव्ही, मधल्या खोलीत कूलर, मागच्या खोलीत मी. उन्हाळ्यात जळगावात माणसं राहत नाहीत, ती कूलरच्या आसपास साचतात. आमचा कूलर पत्र्याचा, लोखंडी घोडीवर चढवलेला, आणि त्याचा आवाज असा की पहिल्यांदा येणारा पाहुणा विचारायचा, गिरणी घरातच आहे का. त्याच्या पोटात पाण्याची मोटर खुळखुळायची, खसाच्या जाळीतून ओला वास यायचा, आणि मधल्या खोलीलाच लागून असलेल्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात आई मिरच्या आणि लसूण ठेचत असली की तो ठेचा कूलरच्या हवेवर स्वार होऊन घरभर फिरायचा. आम्ही सगळे एकाच वेळी शिंकायचो. आजही मला कुणी सुखी कुटुंबाचं चित्र काढ म्हटलं तर मी एकदम शिंकणारी चार माणसं काढीन.

टीव्हीखाली माझा गेमचा कन्सोल होता. एका मित्राने दुबईला जाताना विकला होता. अक्का त्याला पेटी म्हणायची आणि इंटरनेटच्या राउटरला डबी. पेटी टीव्हीला जोडलेली होती, पण टीव्ही अक्काचा होता. संध्याकाळी सहाला कीर्तन, सातला बातम्या, आठला तिची मालिका, ज्यात एक सून तीन वर्षं जिना उतरत होती. मी माझी पेटी उचलून मागे नेली असती, पण माझ्या जुन्या मॉनिटरला पेटीची वायर बसत नव्हती. मग कुठेतरी वाचून मी नवीन विद्या शिकलो. पेटी पुढच्या खोलीतच राहील, तिच्यातला खेळ वायफायवरून मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर दिसेल, मी तिथे बटण दाबलं की पुढे पेटीला कळेल, आणि टीव्हीवर सून सुखाने जिना उतरत राहील. विद्या थोर होती. फक्त चित्र भरीत झालेलं यायचं. वांगं भाजून, सोलून, ठेचल्यावर त्यात मूळ वांगं जेवढं ओळखू येतं, तेवढेच मला खेळाडू ओळखू यायचे.

एकट्याने खेळायचं तर भरीतही चालतं. अडचण धुळ्याने केली.

धुळ्याला देवपुरात आम्ही मुलगी पाहायला गेलो होतो. रूपाली, शाळेत गणित शिकवायची. पोहे झाले, आबांनी आणि तिच्या वडिलांनी कपाशीचे भाव बोलून घेतले, आणि मग मोठ्यांनी आम्हाला ठरलेल्या पद्धतीने "जा, जरा बोलून घ्या" म्हणून आतल्या खोलीत पाठवलं. तिथे टीव्हीपाशी माझ्यासारखाच कन्सोल. मी विचारलं, "भावाचा का?"

"होता," ती म्हणाली. "तो पुण्याला गेला. आता माझा."

मी लगेच छाती फुगवून सांगितलं की मीही खेळतो. फुटबॉल. बराच बरा खेळतो. या "बराच बरा"ची किंमत मला पुढे चुकवावी लागली. ती म्हणाली, "मग असं करू. घरचे म्हणतात आठ-दहा दिवसांत कळवा. रोज आठ वाजता आपापल्या घरून नेटवर एक सामना, दहा दिवस. पोह्यांवर माणूस कळत नाही. हरल्यावर कळतो."

"आणि तुम्ही हरलात तर?"

"तर तुम्हाला मी कळेन," ती म्हणाली, आणि पोह्यांची बशी घेऊन निघून गेली. त्या बशीत मी टाकलेले शेंगदाणे होते. मला ती मुलगी आवडली होती. इतकी, की येताना पारोळ्यापर्यंत मी सबब सोडून दुसऱ्या कशाचा तरी विचार करत होतो.

पहिला सामना मी पाच-शून्य हरलो. खेळताना फोन स्पीकरवर टाकून शेजारी ठेवलेला असायचा. मी सांगितलं, चित्र फुटत होतं, चेंडू दिसलाच नाही. दुसऱ्या दिवशी चार-शून्य. मी सांगितलं, चित्र. तिसऱ्या दिवसाआधी मी सेटिंगमध्ये शिरून चित्राचा आकार कमी केला, मग ते फुटायचं थांबलं, पण आता माझा गोलरक्षक आणि गोलचा खांब यांत फरक दिसेना. सहा-शून्य. चौथ्या दिवशी मी तोंड उघडायच्या आतच फोनमधून आवाज आला.

"चित्र ना?"

"हो. म्हणजे खरंच—"

"अजून सहा सामने आहेत," रूपाली म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता, वहीवर लाल शेरा मारणाऱ्या बाईंचा होता. "तोवर चित्र नीट करा. चित्र नीट झाल्यावर हरलात तर तुम्ही काय बोलता, ते मला ऐकायचंय. त्यावर मी घरी उत्तर सांगीन."

मी फोन ठेवला आणि माझ्या लक्षात आलं की एक स्थळ, चांगलं, हसरं, शेंगदाणे न टाकणारं स्थळ, वायफायवर लटकलंय.

दुसऱ्या दिवशी, मी जिथे प्रयोगशाळेत साहाय्यक होतो त्या कॉलेजातून लवकर निघून मी राउटर शोधायला लागलो. महिनाभरापूर्वी तो शोकेसवर होता. आता नव्हता. शेवटी सापडला मधल्या खोलीत, कूलरच्या अगदी तोंडाशी, स्टुलावर, खाली घडी केलेला ओला पंचा.

"अक्का, हे कुणी केलं?"

"मी," अक्का म्हणाली. ती तांदूळ निवडत होती. "डबी तपी राह्यनी व्हती. हात लाई पाह्य तं चटका बसना. इतला ऊनम्हा आपन गार हवा खातस आनि ती बिचारी रातदिन काम करस. मी कूलरम्होरे ठेवी दिधी."

आता पाहा. राउटर आणि माझी खोली यांच्या बरोबर मध्ये कूलर. म्हणजे पत्र्याची भिंत, आणि त्या भिंतीच्या पोटात पन्नास लिटर पाणी. वायफायला यातून जायला सांगणं म्हणजे माणसाला विहिरीतून चालत यायला सांगणं. जगात इतरत्र लोकांचं वायफाय भिंतींनी अडतं. दयेने अडलेलं वायफाय फक्त आमच्याकडे.

मी कूलर एका बाजूला सरकवायला लागलो. घोडीचं एक चाक गेलेलं, त्यामुळे असा आवाज झाला की आबा पुढच्या खोलीतून उठून आले. "काय करून राह्यला तू?" मी एक सबब शोधली, ती मिळाली नाही, कारण घाम डोळ्यांत गेला होता. मग मी खरं ते सांगितलं. दहा सामने, चित्र, उत्तर, सगळं. आबांनी ऐकून घेतलं. आबा पाटबंधारे खात्यात कालव्यावर निरीक्षक होते, तीस वर्षं. गिरणा धरणाचं पाणी शेतापर्यंत पोचवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि निवृत्त झाल्यापासून पोचवायला काही उरलं नव्हतं. ते पुढच्या खोलीकडे पाहत राहिले, मग मागच्या खोलीकडे, आणि त्यांचे डोळे असे चमकले की मला भीती वाटली.

"तुझी खोली टोकाचं शेत आहे," ते म्हणाले. "टोकाला पाणी पोचत नाही ही तक्रार मी जन्मभर ऐकली. आधी गळती शोधायची."

पाचवा सामना मी हरलो, पण कूलर हलवल्यामुळे खेळाडूंना चेहरे आले. सहाव्याला मात्र बरोबर आठ वाजता पुन्हा भरीत. आबा मागे खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर वही. त्यांनी मला राउटरला कोण कोण जोडलंय ती यादी उघडायला लावली. आमच्या घरात चार फोन. यादीत एकवीस नावं. त्यातलं एक "पिंकीचा टॅब" होतं, आणि आमच्या सात पिढ्यांत पिंकी नव्हती.

"कालवा फोडलाय," आबा ओरडले. "चोरी आहे ही!"

"चोरी कसानी?" अक्का मालिकेच्या जाहिरातीत उठून दारात आली. "मीच देल शे."

"काय दिलं?"

"तो आकडा. इरजन मांगाले बाया येतस, मंग त्या म्हनतस, अक्का, नेटना आकडा बी द्या ना. इरजन मांगाले येल बाईले कोनी नई म्हनस का?"

इथे थांबून सांगायला हवं की अक्काच्या शास्त्रात विरजण मागायला आलेल्या बाईला रिकाम्या हाताने पाठवणं हे पाप होतं. दही लावायला चमचाभर दही मागायला कुणीही यावं, वाटी भरून न्यावी. त्याच वाटीबरोबर आमच्या वायफायचा पासवर्ड गल्लीत गेला होता आणि चमचाभर दह्यासारखाच घरोघरी लागला होता. आठ वाजता सगळी गल्ली एकदम घुसळायची.

पासवर्ड बदलायचं ठरलं तेव्हा अक्का दोन दिवस बोलली नाही. "देल वस्तू परत लेतस का कोनी?" एवढंच. सातव्या दिवशी चार बायका विरजण नको असतानाही वाट्या घेऊन आल्या आणि आईने त्यांना कैरीचं पन्हं पाजून वाटेला लावलं. पिंकीची आई जाताना म्हणाली, "असू द्या हो, पोराचं लग्न महत्त्वाचं." तोवर मी समजत होतो ही बाब गुप्त आहे.

मग आबांनी पाळी लावली. कालव्यावर याला शेजपाळी म्हणतात: पाणी आधी टोकाच्या शेताला, मग वरच्यांना, नाहीतर वरचे सगळं पिऊन टाकतात. त्यांनी एक कागद लिहून फ्रीजवर चिकटवला. आठ ते साडेआठ, मागची खोली. इतरांनी या वेळेत दार, म्हणजे फोनचं वायफाय, बंद ठेवावं. उल्लंघन केल्यास चौकशी. आठला पाच मिनिटं कमी असताना ते स्टीलचं ताट घेऊन घरभर फिरत आणि माझा सोडून सगळ्यांचे फोन त्यात गोळा करत. आईचा भाऊ चाळीसगावहून आला होता, त्याचाही घेतला. आठवा सामना दोन-शून्य हरलो. दोनच! चित्रात गवताची पाती दिसत होती. मी फोनवर नुसतं "हरलो" म्हटलं, रूपाली नुसतं "हं" म्हणाली, आणि त्या "हं"वर मी पुढचे चोवीस तास काढले.

आज चाळिशी ओलांडल्यावर मला वाटतं, आबा त्या दिवसांत माझ्यापेक्षा जास्त सुखी होते. सकाळी उठून ते कमरेला टेप लावायचे.

कारण नवव्या दिवशी त्यांनी ठरवलं की हवेतून पाणी नेणं बस झालं, आता पाट बांधायचा. म्हणजे वायर. राउटरपासून माझ्या कॉम्प्युटरपर्यंत सरळ केबल, आणि पेटीपासून राउटरपर्यंत दुसरी. हे मला चौथ्याच दिवशी सुचायला हवं होतं, पण मला सुचलं असतं तर मी एकोणतीस वर्षं तसा नसतो. केबल आली. अक्काने पहिला हुकूम काढला की उंबऱ्यावरून वायर जाणार नाही. मग ती छताच्या कडेने न्यायची ठरली. आबांनी दोरा धरून, भिंतीवर पेन्सिलने खुणा करून, केबलला उतार दिला. पुढच्या खोलीत वर, मागे खाली.

"आबा, याला उतार लागत नाही. पाणी नाही ते."

"वाहतं ना?"

"वाहतं, पण—"

"मग उतार लागतो." विषय संपला. मधल्या खोलीत खिळा ठोकायला भिंत पोकळ निघाली, तेव्हा आईने छतातल्या पाळण्याच्या हुकाकडे बोट केलं. "त्याला बांधा. तसाही रिकामाच आहे," ती म्हणाली आणि माझ्याकडे न पाहता भाकरी थापायला गेली. ती केबल अजूनही कुणी बघितली तर विचारतं, ही तिरकी का? मी सांगतो, शासकीय निकषांनुसार आहे.

नववा सामना मी खेळलोच नाही म्हणायला हरकत नाही. केबल जोडून होईपर्यंत आठ पंचवीस झाले, पाच मिनिटांत तीन गोल बसले. आणि मग दहावा दिवस आला.

पावणेआठला मी मागच्या खोलीत जाऊन बसलो. आबा वही घेऊन मागे. आई पदराला हात पुसत दारात. आणि आठला दोन मिनिटं असताना, अक्का आली. मालिका सोडून. तिच्यासाठी हे म्हणजे निर्जळी उपास करण्यासारखं होतं. ती पलंगावर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "दखाड." दाखव.

चित्र सुरू झालं. मी आकार सगळ्यात मोठा करून ठेवला होता. पाठीवरचे आकडे दिसत होते. प्रेक्षकांतल्या एकाच्या हातातला झेंडा दिसत होता. चेंडूवरचे टाके दिसत होते. मी बटण दाबलं की माझा माणूस त्याच क्षणी लाथ मारत होता. आबांनी डोळे पुसले, घामच असेल. "टोकाला पोचलं," ते पुटपुटले.

मग सामना सुरू झाला आणि रूपालीने मला सहा गोल मारले.

पहिला गोल मी माझ्याच खेळाडूला पाय लावून दिला. दुसऱ्यात माझा गोलरक्षक भलतीकडे झेपावला, तो झेपावताना त्याच्या चेहऱ्यावरची निराशासुद्धा मला स्वच्छ दिसली. तिसऱ्याला आई "अगं बाई" म्हणाली. चौथ्याला आबांनी वही मिटली. पाचव्याला अक्का हसली. सहाव्याला तीसुद्धा हसायची थांबली, आणि मला वाटतं ते जास्त वाईट होतं.

शिट्टी वाजली. खोलीत फक्त मधल्या खोलीतल्या कूलरची घरघर. फोनच्या स्पीकरमधून धुळ्याच्या घरातला पंखा ऐकू येत होता, आणि त्या आवाजामागे बरीच माणसं कुजबुजत होती. तिच्या घरीही सगळे जमले होते तर.

"मग?" रूपाली म्हणाली. "चित्र?"

माझ्या तोंडात तीन सबबी एकदम आल्या. खुर्ची हलते. आबा मानेवर श्वास सोडतात. दोन दिवस वायरिंग केल्याने बोटं आखडलीत. तिन्ही चांगल्या होत्या, तिसरी तर हृदयस्पर्शी होती. मी त्या जिभेवर घेतल्या आणि समोरच्या पडद्याकडे पाहिलं. तिथे सहा-शून्य इतकं ठळक लिहिलं होतं की शेजारच्या गल्लीतून वाचता आलं असतं.

"चित्र छान होतं," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "आजपर्यंतचं सगळ्यात चांगलं. सहाच्या सहा गोल नीट दिसले. मला तुमच्यासारखं खेळता येत नाही. आधीही येत नव्हतं."

पलीकडची कुजबूज वाढली. आई दारातल्या दारात पदर चावत होती. आबा केबलच्या उताराकडे बघत होते, जणू काही अडलं असेल तर तिथेच अडलं असेल. मला वाटलं संपलं. मग अक्का पलंगावरून उतरली, माझ्या हातून फोन घेतला, आणि तो तिने कानाला न लावता तोंडासमोर आरशासारखा धरला.

"पोरी," ती ओरडली, कारण धुळे लांब आहे, "आते फोटू बी साफ शे आनि पोऱ्या बी साफ बोलना. जलमम्हा पहिल्यांदा. तुले चाली का नई ते सांगी टाक, मनी मालिका बुडी राह्यनी!"

फोनमध्ये कुणीतरी, बहुतेक तिच्या वडिलांनी, "अगं, असं एकदम नको, विचार कर" असं म्हटलेलं ऐकू आलं. आणि माझ्याशी दहा दिवस पुस्तकी मराठीत बोललेली ती गणिताची बाई, सगळ्या घरादाराच्या देखत, एकदम अक्काच्याच बोलीत बोलून गेली:

"चाली, अक्का! पन यासले सांगी ठेवा, रोज हारनं पडी!"